समुद्राजवळ लोखंडी गेट आणि टाकीचा स्टँड गंजू नये म्हणून जस्ताचा कोणता थर घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे. मालवणला किनाऱ्यापासून साधारण चारशे मीटरवर घर आहे. गेट, पाण्याच्या टाकीचा स्टँड आणि मागे पत्र्याची शेड करायची आहे. फॅब्रिकेटर म्हणतो की जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) बॉक्स पाइप वापरू, जोडांवर सिल्व्हर (चंदेरी रंग) मारू, हॉट डिपच्या भानगडीत पडायची गरज नाही. त्याचं म्हणणं बरोबर आहे का, आणि नसेल तर नेमकं काय करून घ्यावं?

बरोबर नाही. गेट आणि स्टँड साध्या काळ्या एमएसमध्ये (माइल्ड स्टीलमध्ये) पूर्ण बनवून घ्या. कटिंग, वेल्डिंग, भोकं, बिजागरीचे कान, सगळं आधी उरकू द्या. मग ती वस्तू जशीच्या तशी वितळलेल्या जस्ताच्या टाकीत बुडवून आणा, यालाच हॉट डिप म्हणतात, आणि त्यावर योग्य तो रंग द्या. शेडच्या पत्र्याचं उत्तर वेगळं आहे, ते शेवटी देतो.

गोंधळ सुरू होतो तो ‘जीआय’ या शब्दापासून. दुकानात एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू मिळतात. बाजारातला चकचकीत चौकोनी पाइप बहुतेक वेळा प्री-गॅल्व्हनाइज्ड असतो. म्हणजे आधी जस्त चढवलेला पत्रा घेतात, तो वाकवतात आणि शिवण वेल्ड करून त्याचा पाइप करतात. पत्रा १२० ग्रॅमच्या दर्जाचा असेल तर हे १२० ग्रॅम प्रति चौरस मीटर दोन्ही बाजू मिळून असतात. एका बाजूला ६० ग्रॅम, म्हणजे जेमतेम ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शिवणीवरचं जस्त तर वेल्डिंगमध्येच जळून जातं. बाहेरून तिथे जस्ताची पट्टी मारलेली असते, आत काहीच नसतं. नळाचा गोल जीआय पाइप मात्र पाइप तयार झाल्यावर जस्तात बुडवलेला असतो आणि त्यावर साधारण ५५ मायक्रॉनचा थर येतो. निळसर किंवा पिवळसर झाक असलेले ‘झिंक’ बोल्ट इलेक्ट्रोप्लेटिंगचे असतात, त्यांच्यावर बहुधा ५ ते ८ मायक्रॉन. ‘कोल्ड गॅल्व्हनायझिंग’ म्हणून जे विकतात तो जस्ताची पूड घातलेला रंग असतो.

तेव्हा जीआय आहे का, असं विचारून काही कळत नाही. किती मायक्रॉन, असं विचारा. ग्रॅमचा आकडा सांगितला तर एका बाजूच्या ग्रॅमला ७.१४ ने भागा, मायक्रॉन निघतात.

मायक्रॉनवर एवढा जोर देण्याचं कारण असं की जस्त हे खर्च होण्यासाठीच असतं. त्याच्यावर स्वतःच्या क्षारांचा एक घट्ट पापुद्रा बसतो, त्यामुळे ते लोखंडापेक्षा फार सावकाश झिजतं. कुठे ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तर आजूबाजूचं जस्त आधी विरघळतं आणि ती काही मिलिमीटरची जागा वाचवतं. पण झीज थांबत नाही, दर वर्षी थोडं जस्त जातच राहतं. हवा धातूला किती खाणारी आहे त्याच्या श्रेणी आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात दिल्या आहेत; सी४ म्हणजे जास्त आणि सी५ म्हणजे अतिशय खाणारी. सी४ हवेत जस्त वर्षाला २.१ ते ४.२ मायक्रॉन जातं, सी५ हवेत ४.२ ते ८.४. त्याच सी५ हवेत उघडं लोखंड वर्षाला ८० ते २०० मायक्रॉन जातं. तुमची जागा लाटांच्या तुषारात नाही, पण चारशे मीटरवर खारे वारे सरळ येतात. मी हिशोबाला सी४ आणि सी५ ची सीमा धरेन, म्हणजे वर्षाला ४.२ मायक्रॉन.

आता भागाकार करा. प्री-जीआय पाइपवरचे ८ मायक्रॉन दोन वर्षांत संपतात. ३ मिलिमीटर जाडीच्या पाइपवर हॉट डिपचे ६४ मायक्रॉन असतील तर पंधरा वर्षं. ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड पोलादावरचे ८५ मायक्रॉन वीस वर्षं. हे सगळे आकडे रंगाशिवायचे आहेत.

हे ६४ आणि ८५ कुठून आले तेही सांगतो, कारण ऑर्डरवर तेच लिहायचं आहे. आयएस ४७५९ या भारतीय मानकानुसार एका बाजूला, ५ मिमी आणि त्यापुढच्या जाडीला किमान ६१० ग्रॅम प्रति चौरस मीटर, २ ते ५ मिमीला ४६० आणि १.२ ते २ मिमीला ३४० ग्रॅम जस्त हवं. जाड पोलाद टाकीत जास्त वेळ राहतं, म्हणून त्यावर थरही जाड येतो. गेटच्या चौकटीला २ मिमीहून पातळ पाइपाऐवजी ३ मिमी पाइप घ्या असं मी सांगतो ते मजबुतीपेक्षा याच कारणासाठी. बुडवण्याआधी ग्रिट ब्लास्टिंग (धारदार कणांचा मारा) करून पृष्ठभाग खरखरीत केला तर थर आणखी जाड येतो, पण घरगुती कामाला तेवढ्याची गरज नाही.

कारखान्यात वस्तूचं काय होतं हे माहीत असलं तर फॅब्रिकेटरकडून काम नीट करून घेता येतं. आधी गरम कॉस्टिकमध्ये तेल-ग्रीस काढतात, धुतात, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गंज आणि काळी खपली काढतात, पुन्हा धुतात. मग झिंक अमोनियम क्लोराइडच्या फ्लक्समध्ये बुडवून वाळवतात आणि साधारण ४५० अंशांच्या जस्तात उतरवतात. तिथे लोखंड आणि जस्त यांची एकमेकांशी प्रक्रिया होते आणि मिश्रधातूचे थर तयार होतात. त्यांतले काही थर खुद्द मूळ पोलादापेक्षा कठीण असतात. रंगासारखा हा थर नुसता वर चिकटलेला नसतो, म्हणून गेट आपटलं तरी सहसा सुटत नाही.

या क्रमात एक अडचण दडलेली आहे. ॲसिडने गंज निघतो, पण रंग, वार्निश, डांबर आणि वेल्डिंगची स्लॅग (वेल्डवर बसणारी कडक खपली) निघत नाही. ऑइल पेंटने लिहिलेला नंबरसुद्धा टाकीतून बाहेर येताना काळा, जस्त नसलेला डाग होऊन येतो. फॅब्रिकेटरला बजावून सांगा की रेड ऑक्साइडचा एक हातही मारायचा नाही, खुणा खडूने करायच्या, आणि प्रत्येक वेल्डवरची स्लॅग छिन्नी-ब्रशने पूर्ण काढायची. सवयीने प्रायमर मारून पाठवलेलं गेट कारखान्यातून परत येतं किंवा ते काढण्याचे वेगळे पैसे लागतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे भोकं. दोन्ही टोकं बंद असलेला पाइप ४५० अंशांच्या जस्तात गेला की आतली हवा आणि ओल फुगते, पाइप फुटतो आणि वितळलेलं जस्त कामगारांच्या अंगावर उडतं. हा जिवाचा प्रश्न आहे, त्यात तडजोड नाही. प्रत्येक पोकळ भागाला दोन भोकं हवीत, एक जस्त आत शिरायला आणि एक हवा बाहेर पडायला, आणि तीही समोरासमोरच्या टोकांना तिरपी, अगदी कोपऱ्यालगत. २५ ते ५० मिमी पाइपला किमान १२ मिमीचं भोक, ५० ते १०० मिमीला १६ मिमीचं, १०० ते १५० मिमीला २० मिमीचं. कोपऱ्यापासून दोन इंच आत पाडलेलं भोक कामाचं नाही, कारण तेवढ्या पोकळीत हवा अडकते आणि आतून तो तुकडा उघडाच राहतो. आडवा पाइप उभ्याला जिथे वेल्ड होतो तिथे आतल्या आत भोक ठेवलं असेल तर ते बाहेरून दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या भोकावर कारखाना विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये. भोकं बाहेरून दिसतील अशीच ठेवा. नंतर वरची भोकं प्लास्टिकच्या बुचांनी बंद करा. खालची उघडीच राहू द्या, आत साचलेलं पाणी तिथूनच निघतं.

जिथे एक पट्टी दुसऱ्यावर सपाट बसते, उदाहरणार्थ अँगलवर वेल्ड केलेली गसेट प्लेट, तिथे दोन पत्र्यांमध्ये ॲसिड शिरतं पण जाड जस्त शिरू शकत नाही. ते ॲसिड काही महिन्यांनी तपकिरी ओघळ होऊन बाहेर येतं आणि मालकाला वाटतं की गॅल्व्हनायझिंगच खराब झालं. एक तर चारही बाजूंनी अखंड वेल्ड करून फट बंद करा, नाही तर दोन पृष्ठभागांत अडीच-तीन मिमी मोकळी जागा सोडा. अखंड बंद केलेला सपाट भाग शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर त्यालाही एक भोक लागतं, कारण आत अडकलेल्या ओलीची वाफ वेल्ड फोडते.

गेटच्या चौकटीत पातळ पत्रा वेल्ड करून बुडवू नका. ४५० अंशांना पोलाद मऊ पडतं, वेल्डिंगचे ताण मोकळे होतात, आणि १ मिमीचा पत्रा ३ मिमीच्या चौकटीत लाटांसारखा फुगून बाहेर येतो. तो पुन्हा सरळ होत नाही. पत्रा हवाच असेल तर वेगळा करून नंतर बोल्टने बसवा. गेट उभ्या पट्ट्यांचं किंवा पाइपांचं असेल तर हा प्रश्न येत नाही. बिजागऱ्या आणि कडी जोडूनच बुडवल्या तर जस्ताने जाम होतात. त्या वेगळ्या बुडवा, आणि हलणाऱ्या भागांत नेहमीपेक्षा किमान १ मिमी जास्त जागा ठेवा. खिट्टी ३१६ ग्रेड स्टेनलेसची घ्या.

स्टँड बनवण्याआधी कारखान्याला फोन करून त्यांच्या जस्ताच्या टाकीची लांबी, रुंदी आणि खोली विचारा. स्टँड त्यात मावत नसेल तर तो दोन-तीन भागांत, फ्लँज आणि बोल्टवर जोडता येईल असा करायचा. तो जागेवर नेऊन वेल्ड करायचा नाही. एकदा जस्त चढलं की त्यावर वेल्डिंग म्हणजे जिथे सर्वांत जास्त गंज धरणार तिथलंच जस्त जाळून टाकणं. शिवाय जस्ताच्या पांढऱ्या धुराने वेल्डरला त्याच रात्री थंडी-ताप भरतो. दूध पिऊन तो टळत नाही. उघडी हवा, धूर ओढणारा पंखा आणि योग्य मास्क लागतोच, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढावं लागतं.

हॉट डिपचा बोल्ट घेतला की साधा नट त्यावर बसत नाही, कारण आट्यांवर जस्ताची जाडी चढलेली असते. मग साइटवर कोणीतरी बोल्टवर डाय फिरवतो आणि सगळं जस्त सोलून काढतो. बोल्ट आणि त्यासाठी मोठ्या मापात आटे पाडलेले नट एकाच पुरवठादाराकडून, आयएस १३६७ भाग १३ प्रमाणे मागवा. नटाच्या आतल्या आट्यांवर जस्त नसतं, पण बोल्टवरचं जस्त त्यांनाही सांभाळतं. बोल्टच्या मजबुतीचा ८.८ ग्रेड पुरेसा आहे. १२.९ ग्रेडचे बोल्ट ॲसिडमध्ये घालायचेच नसतात, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात आणि ताणाखाली अचानक तुटतात.

माल ताब्यात घेताना डोळ्यांवर विसंबू नका. चकाकी आणि फुलाफुलांची नक्षी यांचा टिकाऊपणाशी संबंध नाही. पोलादात सिलिकॉन ०.०४ ते ०.१४ टक्क्यांच्या आसपास असेल तर थर जाड आणि मळकट करडा येतो. तो दिसायला वाईट असतो, पण गंजाविरुद्ध चांगला असतो. अतिजाड झाला तर मात्र आपटल्यावर खपली निघू शकते. जाडी मोजायला डीएफटी मीटर वापरा, तो कारखान्यातच असतो. एका जागी जवळजवळ पाच वाचनं घेऊन सरासरी काढा, आणि अशा जागा पाइपच्या मध्यावर, टोकाजवळ, प्लेटवर, सगळीकडे निवडा. दुसरा ताळा वजनाचा. ३ मिमीच्या पाइपवर आत-बाहेर ६४ मायक्रॉन चढले तर वजन सुमारे ४ टक्के वाढतं. शंभर किलोचं गेट एकशे एक किलो भरलं तर काहीतरी चुकलं आहे. जस्त न धरलेल्या काळ्या जागा शोधा. आयएसओ १४६१ प्रमाणे अशी एक जागा १० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठी नको आणि सगळ्या मिळून एकूण क्षेत्राच्या ०.५ टक्क्यांहून जास्त नकोत. त्याहून जास्त असतील तर वस्तू पुन्हा बुडवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

छोट्या जागांना झिंक-रिच रंग लावतात, आणि इथे तुमच्या फॅब्रिकेटरच्या ‘सिल्व्हर’कडे परत येतो. सिल्व्हर हा ॲल्युमिनियमचा रंग आहे, तो जस्तासारखं लोखंडाला वाचवत नाही. खरा झिंक-रिच रंग वाळल्यावर मंद करडा दिसतो आणि डबा हातात घेताच कळतो, एक लिटरचं वजन अडीच किलोच्या वर भरतं. वाळलेल्या थरात वजनाने ९० टक्क्यांहून जास्त जस्त असलेला घ्या. त्यातले जस्ताचे कण एकमेकांना आणि खालच्या लोखंडाला टेकले तरच विजेचा मार्ग पूर्ण होतो आणि संरक्षण मिळतं. म्हणून तो लखलखीत घासलेल्या लोखंडावरच लावायचा, शंभर मायक्रॉनपर्यंत. रेड ऑक्साइडवर किंवा गंजावर मारलेला झिंक-रिच हा महागडा करडा रंग होतो, दुसरं काही नाही. आख्खं गेट या रंगावर सोपवायचं तर ब्लास्टिंग करावंच लागेल, आणि तेवढा खर्च करायचा तर हॉट डिप परवडतं.

आता वरचा रंग. जस्त अधिक रंग यांचं एकत्र आयुष्य दोघांच्या वेगवेगळ्या आयुष्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असतं, साधारण दीडपटीपासून दुपटीपर्यंत. रंग जस्ताला झिजू देत नाही, आणि रंगाला चीर पडली तरी खाली गंज फुगून तो उचलला जात नाही. पण हार्डवेअरच्या दुकानातला साधा ऑइल पेंट जस्तावर थेट मारू नका. त्यातल्या तेलाची जस्ताच्या क्षारांशी प्रक्रिया होऊन मधल्या मध्ये साबण तयार होतो आणि वर्षा-दोन वर्षांत रंगाचे पापुद्रे हाताने निघतात. जीआयवर रंग टिकत नाही हा समज यातूनच आला आहे.

रंग देणार असाल तर कारखान्याला आधीच सांगा की शेवटी क्रोमेटमध्ये बुडवू नका, त्यावर प्रायमर धरत नाही. घरी आणल्यावर जस्ताचे काटे आणि थेंब कानशीने हलके घासा, जस्त कापलं जाईपर्यंत नाही. साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या जाळीने घासून गोड्या पाण्याने धुवा. नंतर हलकं स्वीप ब्लास्टिंग करा, किंवा ते जमत नसेल तर जस्तासाठीचा, त्यावर पकड धरणारा एच (etch) प्रायमर लावा. पुढे जीआयवर चालतो असं डब्यावर लिहिलेला दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर ५० ते ७५ मायक्रॉन, आणि त्यावर पॉलियुरेथेनचा ५० मायक्रॉन. इपॉक्सी वर उघडा ठेवू नका, उन्हात त्याची पूड होते. पावडर कोटिंग करायचं ठरलं तर त्यांना वस्तू आधी नुसती भट्टीत तापवून घ्यायला सांगा, नाहीतर जस्तातून निघणाऱ्या वायूने पावडरवर फोड येतात.

कोकणात गणपतीच्या आधी घराला रंग द्यायची पद्धत आहे. भिंतींना चालत असेल, पण श्रावणातल्या हवेत हे रंग लावू नका. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळचं दव पूर्ण वाळल्यावर, हा काळ योग्य. दोन हातांमध्ये एक रात्र गेली तर मीठ बसलेलं असतं, ते ओल्या फडक्याने पुसून, वाळवून मगच पुढचा हात.

पावसाळ्यात ताजा माल आणलात तर एकावर एक रचून ताडपत्रीखाली ठेवू नका. नव्या जस्तावर पापुद्रा बसायला हवा खेळावी लागते. दोन तुकड्यांमध्ये पाणी अडकलं की काही दिवसांत पांढरी, भुरभुरीत बुरशीसारखी पूड येते. तुकड्यांमध्ये लाकडी पट्ट्या घालून, एक टोक उंच करून, तिरपे ठेवा. थोडी पूड आली तर नायलॉनच्या ब्रशने काढून जाडी मोजा. तारेचा ब्रश नको.

स्टँडचे पाय थेट मातीत पुरू नका. तिकडची जांभ्याची माती आम्लधर्मी असते, आणि जमिनीच्या रेषेवर ओल-हवेचा खेळ सतत चालतो, तिथे जस्त सगळ्यात आधी जातं. काँक्रीटचा कट्टा जमिनीपासून सहा इंच वर घ्या, वरचा भाग बाहेर उतरता करा, बेसप्लेट त्यावर बोल्ट करा आणि पायाच्या खालच्या फूटभर भागाला इपॉक्सीचा जादा हात द्या. काँक्रीटला खाडीची वाळू वापरू नका, त्यातल्या मिठाने बोल्ट आतून जातात.

आता शेड. सांगाडा हॉट डिपचा, वरच सांगितल्यासारखा. पत्रा मात्र ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतांश जस्त अशा मिश्रधातूचा, एझेड १५० दर्जाचा (दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम लेप) आणि कारखान्यातच रंगवलेला घ्या. २७५ ग्रॅमच्या जीआय पत्र्यावर एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन असतात. एझेड १५० वरही जाडी तेवढीच, पण खाऱ्या हवेत तो थर कितीतरी सावकाश झिजतो. त्याची दुखरी बाजू कापलेल्या कडांची आहे, तिथे शुद्ध जस्ताइतका तो धावून येत नाही. म्हणून मापाचे पत्रे मागवा आणि जागेवर ग्राइंडरने कापू नका. ग्राइंडरच्या ठिणग्या रंग जाळतात आणि कीस पत्र्यावर पडून दुसऱ्या पावसात तांबडे ठिपके उठतात. ओल्या सिमेंटला हा पत्रा टेकवू नका, त्यातल्या चुन्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तांब्याच्या पाइपाचं पाणी त्यावर गळू देऊ नका. स्क्रू साध्या प्लेटिंगचे घेतले तर पत्र्याच्या खूप आधी तेच गंजतात आणि भोकं मोठी करतात, तेव्हा किनाऱ्यासाठीच्या जाड लेपाचे, ईपीडीएम (उन्हात टिकणारं रबर) वॉशरचे स्क्रू मागा. वॉरंटीच्या कागदावर समुद्रापासून किती अंतरापर्यंत ती लागू नाही, ते विकत घेण्याआधी वाचा.

यापुढची देखभाल म्हणजे फक्त पाणी. पावसाने धुतली जाणारी बाजू आपोआप स्वच्छ राहते. पत्र्याची खालची बाजू, टाकीखालचे अँगल, गेटचा खालचा पाइप इथे ऑक्टोबर ते मे मीठ साचत राहतं. या महिन्यांत महिन्यातून एकदा या जागा गोड्या पाण्याच्या नळीने धुवा. त्याच वेळी खालची भोकं बुजली नाहीत ना, हे तारेने तपासून घ्या.